मोरी नसलेलं घर

या आठवड्यात इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचक ताईंचं पत्र आलं. मोठं आहे, थोडं कमी करून देते.

"ताई, मी सांगलीची. वय ६३. टपाल खात्यात ३१ वर्षं काउंटरवर काढली. यजमान जाऊन चार वर्षं झाली. मुलगा-सून रेडिंगला नोकरी करतात, त्यांनी आग्रहानं तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मे महिन्यात आले, ऑगस्टचं परतीचं तिकीट आहे. आल्यापासून रोज माझ्या हातून काहीतरी होतंय. इथं बाथरूमला मोरी नाही. टबात चढायची भीती वाटली, म्हणून खाली बादली ठेवून, स्टुलावर बसून अंघोळ करत होते. चौथ्या दिवशी खालच्या स्वयंपाकघराच्या छताला परातीएवढा पिवळा डाग. सूनबाई एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मग एका दुपारी घरात एकटी होते, आमटीला फोडणी दिली आणि जिन्यातला धुराचा भोंगा कोकलायला लागला. बंद कसा करायचा ते कळेना. शेजारचे आजोबा धावत आले. हेच आजोबा सकाळी कुंपणावरून 'ऑल राइट?' म्हणून विचारतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांना गुडघ्याच्या दुखण्याचं सगळं सांगितलं. नंतर मुलगा म्हणाला, आई, ते नुसतं हॅलो असतं. लंडनला गेलो तेव्हा स्टेशनात शिरताना मुलाचं कार्ड लावलं, बाहेर पडताना ते पर्समध्ये सापडेना, म्हणून त्यानं हातातल्या घड्याळानं मला फाटक उघडून दिलं. तर दोन्हीकडून जबर पैसे कापले गेले. दिरांनी त्यांच्या जुन्या ट्रिपमधले चाळीस पौंड दिले होते. दुकानातल्या मुलीनं नोटा परत केल्या, चालत नाहीत म्हणाली. मागे रांग होती. मी आयुष्यभर नोटा मोजल्या हो! आता महिना झाला, एकटी बाहेर पडले नाही. रस्ता ओलांडायला पाय उचलत नाही. दोघं कामावर गेली की कशिदा घेऊन बसते. मी एवढी वेंधळी कधीच नव्हते. तिकीट अलीकडचं करून घेऊ का? ता.क. – देवापाशी दिवा कधी लावायचा? इथं रात्री नऊलासुद्धा ऊन असतं."

ताई,

तिकिटाला सध्या हात लावू नका. आधी 'वेंधळी' या शब्दाचं बोलू, तो मला पत्रभर टोचत राहिला. ज्या बाईनं ३१ वर्षं मनीऑर्डरी, बचतपत्रं आणि पेन्शनरांच्या रांगा सांभाळल्या, संध्याकाळी पैचा हिशेब जुळवून मगच घर गाठलं, ती महिन्याभरात वेंधळी होत नाही. पहिल्यांदा पोस्टात आलेला माणूस चुकीचा फॉर्म भरून आणायचा, तेव्हा तुम्ही काय करायचात? दुसरा फॉर्म द्यायचात आणि कुठं काय लिहायचं ते बोटानं दाखवायचात. तुमच्या एकेक प्रसंगाकडे मी तसंच बघणार आहे. प्रत्येकाला त्या देशातलं काहीतरी कारण आहे, आणि ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी घर दाखवताना सांगायला हवं होतं.

मोरीपासून सुरुवात करू. आपल्याकडे न्हाणीची जमीन पाण्यासाठीच केलेली असते. फरशीला ढाळ, कोपऱ्यात जाळी, कितीही ओता, पाणी आपली वाट काढतं. तिकडे बाथरूम ही कोरडी खोली. बहुतेक घरांत वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली असते, आणि खालच्या खोलीच्या छताला प्लास्टरबोर्ड. पाणी पडेल ते टबात, शॉवरच्या चौकटीत नाहीतर बेसिनमध्ये, असं धरूनच सगळं बांधलेलं. तुमच्या अंघोळीचं पाणी कडेच्या फटीतून खाली उतरलं आणि प्लास्टरबोर्डानं ते टिपकागदासारखं शोषून घेतलं.

बादली सोडू नका, फक्त ती टबात न्या. टबाच्या तळाला चिकटून बसणारी रबरी चटई मिळते, ती आजच आणायला सांगा. तिच्याशिवाय टबात पाय ठेवायचा नाही. आत रबरी पायांचं बुटकं स्टूल, पुढ्यात बादली, हातात मग. पडदा असेल तर त्याची खालची कड टबाच्या आत सोडा. आत जाताना उभ्यानं पाय टाकू नका. टबाच्या काठावर बसा, एक पाय आत, मग दुसरा, मग उठा. बाहेर येतानाही तसंच, आणि बाहेर पाय पडेल तिथं जाड पायपुसणं.

हे मी इतकं घोळून सांगतेय त्याला कारण आहे. लीड्सला लेकीकडे होते तेव्हा साबणाच्या पायानं टबातून बाहेर येताना मी घसरले आणि डावं मनगट मोडलं. इमर्जन्सी विभागात चार तास बसून प्लास्टर झालं. तिथल्या इमर्जन्सीत केलेल्या उपचाराचे पैसे कुणाकडूनच घेत नाहीत. पण नंतर हाडाच्या बाह्यरुग्ण विभागात पुन्हा जावं लागलं, त्याचं बिल आलं. पाहुण्यांना तिकडे सरकारी रुग्णालयात मूळ दराच्या दीडपट आकारतात. प्रवासविमा होता म्हणून निभावलं. तुमच्या विम्याचा कागद कुठं आहे ते आज रात्री मुलाला विचारा आणि त्याची एक प्रत तुमच्या पर्समध्ये ठेवा. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर १११ नंबर फिरवायचा, इंग्रजीत अडलं तर दुभाषी मागायचा. जिवावरचं असेल तर ९९९.

बाथरूममधलं आणखी थोडं. बेसिनला गरम आणि गार असे दोन वेगळे नळ असतील तर गोंधळू नका. जुन्या घरांत गार पाणी थेट रस्त्यावरच्या मुख्य नळातून येई आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून. टाकीचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून नळ वेगळे ठेवले. म्हणून प्यायचं पाणी स्वयंपाकघरातल्या गार नळाचं घ्या, ते न उकळता चालतं. दिवा लावायला छतापासून लोंबणारी दोरी असते, ती ओल्या हाताला बटण लागू नये म्हणून. मात्र स्टेशनात किंवा संग्रहालयात अपंगांसाठीच्या मोठ्या स्वच्छतागृहात गेलात तर तिथली लाल दोरी ओढू नका, ती मदतीला बोलावण्याची आहे.

आता छताचा डाग आणि सूनबाईंचं गप्प राहणं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण घर बहुधा भाड्याचं असावं. तसं असेल तर तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मी सांगू शकते. इंग्लंडमध्ये घर भाड्यानं घेताना साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी अनामत ठेवावी लागते. २०१९ च्या कायद्यानं बहुतेक घरांना तीच कमाल मर्यादा घातली आहे. घर सोडताना डाग, भोकं, तुटफूट यांचे पैसे त्यातून कापले जाऊ शकतात. तिला ती काळजी असणार. सासूला हे कसं सांगायचं, तर न बोललेलं बरं, असं तिला वाटलं असेल. तुम्हाला तिचा राग दिसला. मला तिची पंचाईत दिसते.

म्हणून आज जेवताना तुम्हीच विषय काढा. "त्या डागाचं काय करायचं? घरमालकाला कळवलंत का? खर्च येईल तो मी देते," एवढंच. माफी एकदा मागा, पुन्हापुन्हा नको. पुन्हापुन्हा मागितली की समोरच्याला तुमची समजूत काढत बसावं लागतं आणि डाग तिथंच राहतो. तो पूर्ण वाळू द्यायचा, मग डाग दाबणारा प्रायमर आणि वरून छताचा पांढरा रंग. छत फुगलेलं दिसलं किंवा डाग दिव्याच्या जवळ असला, तर मात्र लगेच कळवायला हवं. आणि त्याच जेवणात दोघांना विचारा, तुम्ही इथं नवीन आलात तेव्हा पहिल्या वर्षी काय काय बिघडवलंत? ऐका काय सांगतात ते. मी लेकीला विचारलं होतं. तिनं न हसता चार गोष्टी सांगितल्या, आणि त्यातली एकही तिनं तोवर मला फोनवर कळू दिली नव्हती.

फोडणीचं दुःख मला फार जवळचं वाटतं. तेल तापलंय, मोहरी तडतडली, हिंग, मग लाल मिरची टाकली की जो ठसका उठतो, तो सांगलीच्या स्वयंपाकघरात खिडकीतून, दारातून, कौलाच्या फटीतून निघून जातो. तिकडची घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली. खिडक्या घट्ट, दारं घट्ट. तो ठसका जिन्यात जाऊन भोंग्याखाली उभा राहतो. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचा भोंगा असावाच लागतो, २०१५ पासून तसा नियम आहे. तेव्हा तो काढायचा नाही, पिशवीनं झाकायचाही नाही. रात्री दोघं झोपलेली असताना तोच त्यांना वाचवणार आहे.

करायचं काय, तर शेगडीवरचा पंखा आधी सुरू करायचा, खिडकी उघडायची, स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, आणि त्यानंतर तेल ठेवायचं. फोडणी कढईत नको, लहान कढल्यात करा. मिरची सगळ्यात शेवटी, आच बंद करून टाका आणि लगेच झाकण. तरी वाजलाच तर भोंग्याच्या मध्ये एक बटण असतं, ते बहुतेक भोंग्यांवर थोडा वेळ आवाज थांबवतं. तुम्ही स्टुलावर चढू नका. झाडूच्या लांब दांड्यानं बटण दाबा, नाहीतर खाली उभं राहून टॉवेल हलवा. मुलाला सांगून एकदा मुद्दाम वाजवून, बंद करून बघा. आवाज ओळखीचा झाला की छातीत धस्स होत नाही.

आणि ते शेजारचे आजोबा! 'ऑल राइट?' म्हणजे आपलं "काय, झालं का जेवण?" कुणी असं विचारलं की आपण भाजी कुठली होती ते सांगत नाही, "झालं, तुमचं?" म्हणतो आणि पुढे जातो. तिकडेही उत्तर "ऑल राइट, यू?" एवढंच. पण तुम्ही गुडघ्याचं सांगितलंत आणि त्यांनी ऐकलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ऐकायचं नसतं तर ते केव्हाच आत गेले असते. आणि भोंगा वाजल्यावर धावत आले ते हेच. ताई, परदेशात दुपारी घरात एकटं असताना भिंतीपलीकडे असा माणूस असणं ही केवढी मोठी सोय आहे. त्यांच्याशी ओळख वाढवा. हवेवर बोला, तिथं ते सगळ्यांना आवडतं, आणि त्यांच्या कुंपणात काय लावलंय ते विचारा. चकल्या केल्यात तर चार नेऊन द्या, पण देण्याआधी तीळ, दाणे चालतात का ते विचारून घ्या, अ‍ॅलर्जीचं तिकडे फार असतं.

आता घराबाहेर. पत्रातलं खरं दुखणं मला तिथं दिसलं. सांगलीत तुमच्याकडे स्वतःची किल्ली होती, स्वतःचे पैसे होते, एसटीनं मिरज-कोल्हापूर एकट्या जात होतात. रेडिंगला या तिन्ही गोष्टी मुलाच्या हातात गेल्या. म्हणून प्रत्येक चूक कुणाच्या तरी देखत होते आणि दुप्पट लागते. एकटीनं चुकलं तर माणूस दुरुस्त करतो आणि विसरतो. तेव्हा घराची एक किल्ली तुमच्या नावानं मागून घ्या. शनिवारची वाट बघू नका, आजच.

दुसरं, स्वतःचं कार्ड. मुलाचं उसनं कार्ड आणि मुलाचं घड्याळ यांनी जो घोळ केला, तो का झाला ते समजून घ्या. कार्ड, फोन आणि घड्याळ यांत बँकेचं खातं एकच असलं तरी स्टेशनातल्या फाटकाला ती तीन वेगळी माणसं दिसतात. एक माणूस आत शिरला आणि बाहेर पडलाच नाही, दुसरा आत न शिरताच बाहेर पडला. दोघांनाही सगळ्यात मोठं भाडं लागलं. नियम एवढाच, आत जे लावाल तेच बाहेर लावायचं, आणि माणशी एक. कापलेले पैसे लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन परत मागता येतात, मुलाला सांगा. तुमचं भारतातलं कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असेल तर तिकडेही चालावं, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नव्या कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो. बँकेच्या अ‍ॅपमधून तो सुरू करावा लागतो, सोबत 'टॅप' करून पैसे देण्याची सोयही. आणि कुणी लंडनच्या प्रवासाचं निळं ऑयस्टर कार्ड घ्या म्हणालं तर नको म्हणा. एलिझाबेथ लाइन ही लंडनची रेल्वे रेडिंगपर्यंत येते, पण ऑयस्टर वेस्ट ड्रेटन स्टेशनच्या पुढे रेडिंगच्या बाजूला चालत नाही.

रस्ता ओलांडायला पाय उचलत नाही म्हणालात. सांगलीच्या रस्त्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला गाडी आपल्यासाठी थांबते यावर विश्वास बसत नाही, मलाही पहिले आठ दिवस लागले. पिवळे गोल दिवे असलेले खांब दिसले की ते झेब्रा क्रॉसिंग. ते खांब १९३४ पासून आहेत, पट्टे १९५१ मध्ये आले, आणि २०२२ पासून नियम असा आहे की कडेला उभ्या असलेल्या माणसासाठीही गाडीनं थांबायला हवं. काठाशी उभ्या राहा. गाडी पूर्ण थांबू दे, चालकाकडे बघा, मग चाला. त्याला "तू जा" असा हात करू नका. तो जाणार नाही, मागची रांग वाढेल आणि तुमचीच धांदल होईल. मध्ये छोटा ओटा असेल तर तिथं थांबून पलीकडची बाजू नव्यानं बघायची. वाहनं डावीकडूनच चालतात, आपल्यासारखीच, त्यामुळे मान वळवण्याची सवय बदलावी लागत नाही.

आता बस. दिसली की हात करा, पुढच्या दारानं चढा, कुठं जायचं ते चालकाला सांगा, कार्ड लावा. २०२५ च्या जानेवारीपासून इंग्लंडमध्ये बहुतेक बसना एका फेरीला ३ पौंडांपेक्षा जास्त घेत नाहीत. आपल्या थांब्याआधी दांड्यावरचं बटण दाबा, उतरताना चालकाला "थँक्यू" म्हणा, सगळेच म्हणतात. परतताना गावाचं नाव "रेडिंग" म्हणा. स्पेलिंग वाचून 'रीडिंग' म्हणालात तर चालक क्षणभर थांबेल. तसंच लेस्टर, ग्लॉस्टर, ग्रेनिच. भायखळ्याचं बायकुला करणाऱ्या लोकांनी स्वतःच्या गावांचीही अर्धी अक्षरं गिळली आहेत.

पहिली फेरी कुठं, ते मी ठरवून देते. गावाच्या मध्यावर फोर्बरी गार्डन आहे, बाकं भरपूर, गुडघ्याला चढ नाही. तिथं एक प्रचंड लोखंडी सिंह उभा आहे, १८८६ साली बसवलेला. १८८० च्या जुलैत अफगाणिस्तानात मैवंदला जी लढाई झाली, तिच्यात आणि त्या मोहिमेत पडलेल्या बर्कशरच्या पलटणीचं ते स्मारक. चौथऱ्यावर तीनशेहून जास्त नावं कोरली आहेत. लीड्सहून एकदा रेडिंगला गेले होते तेव्हा ती नावं वाचत मी बराच वेळ उभी होते. त्याच लढाईत मुंबईच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्ज रायफल्स, बॉम्बे सॅपर्स. तेही त्याच मैदानावर पडले. सिंहाखाली त्यांचं नाव नाही, कारण ते स्मारक फक्त बर्कशरच्या पलटणीतल्या माणसांचं आहे. मी मनात त्यांची आठवण काढली आणि मग बाकावर बसले. तुम्हीही काढा.

बागेच्या जवळच टाउन हॉलमध्ये रेडिंगचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. तुम्ही कशिदा करता, म्हणून मुद्दाम सांगते. तिथं एका लांबच लांब भरतकामाची नक्कल आहे. मूळ कापड साडेनऊशे वर्षांपूर्वीचं, फ्रान्समधल्या बायो गावाच्या नावानं ओळखलं जाणारं, सुमारे ७० मीटर लांब, १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड कसं जिंकलं त्याची चित्रकथा. ही नक्कल १८८५-८६ मध्ये लीक गावच्या बायकांनी लोकरीच्या धाग्यानं हातानं भरली. घोडे, गलबतं, शेपटीवाला तारा, सगळं. जवळ जाऊन टाका बघा. बाह्यरेषेला दांडीटाक्यासारखा टाका आहे, आत आडवे धागे घालून वरून टाचलेत. आपल्या कशिद्याहून वेगळा हात आहे, पण तुम्हाला पाच मिनिटांत उलगडेल. त्या खोलीत तुमच्याइतकं बारकाईनं बघणारं त्या दिवशी दुसरं कुणी नसेल.

वाणसामान लागलं तर ऑक्सफर्ड रोडवर आपल्याकडची दुकानं आहेत, कढीपत्ता, मेथी मिळते. रविवारी मोठ्या दुकानांवर विसंबू नका. १९९४ च्या कायद्यानं ती रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात फक्त सहा तास उघडी राहू शकतात, त्यामुळे बरीचशी चार-पाचलाच बंद होतात. छोटी दुकानं उघडी असतात.

नोटांचं राहिलं. त्या मुलीनं तुमच्यावर संशय घेतला नाही. वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चालेनाशा झाल्या. पाचाच्या आणि दहाच्या त्याआधीच बाद झाल्या होत्या. आता सगळ्या पॉलिमरच्या आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे काउंटरच्या या बाजूला काय झालं ते तुम्ही पाहिलंय. फरक असा की तिकडे बदलून घ्यायला मुदत नाही. बँक ऑफ इंग्लंड आपली जुनी नोट कधीही बदलून देते, पोस्टानं पाठवूनही आणि लंडनला थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या काउंटरवरही. शनिवार-रविवार सोडा, कामाच्या दिवशी सकाळी जा, पासपोर्ट सोबत घ्या. एलिझाबेथ लाइननं लिव्हरपूल स्ट्रीटला उतरून थोडं चालायचं. रांग लागली तर उभ्या राहा, काउंटरच्या पलीकडचं काम कसं चालतं ते बघा. शेजारीच बँकेचं संग्रहालय आहे, तेही फुकट. मुलाला घेऊन गेलात तरी चालेल, पण नोटा तुम्हीच सरकवा.

त्याच दिवशी वेळ उरला तर किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर बघून या. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना तिथं राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घेतलं. आणि मराठी बोलायला माणसं हवी असतील तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला त्यांची स्वतःची वास्तू आहे. मुलाला त्यांचे कार्यक्रम बघून ठेवायला सांगा.

आता तिकीट. फोर्बरी गार्डनची फेरी एकटीनं करा, एकदा नव्हे, तीन वेळा. चौथ्यांदा संग्रहालय. सूनबाईंशी डागाचं बोलणं झालेलं असू दे. त्यानंतरही सांगलीला जावंसं वाटलं तर खुशाल जा, घरची ओढ लागणं हे कारण पुरेसं आहे आणि मुलगा ते समजून घेईल. पण ओशाळून जाऊ नका. तसं गेलात तर पुढच्या वेळी तो बोलावेल तेव्हा तुम्ही गुडघ्याचं निमित्त सांगाल, आणि त्यालाही ते निमित्त आहे हे कळेल.

दिव्याचं विचारलंत. सांगलीत जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो, रेडिंगला सव्वानऊ उलटून गेल्यावर, आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. सूर्याची वाट बघत बसलात तर घर झोपायला निघेल. सांगलीत दिवेलागण होते तेव्हा तुमच्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. तेव्हा हवं तर नुसते हात जोडा, मागे राहिलेल्या घरासाठी. दिवा मात्र सातला लावा, दोघं कामावरून घरी आलेली असतात तेव्हा. पडद्यापासून लांब, ताटलीत, फुलवात लहान. उदबत्ती लावायची तर खिडकी उघडून, आणि ती जिन्याच्या बाजूला नको.

तुमची,
ताई